बसण्याचं माप

हेंद्रेपाड्यातल्या हरिचंद्र मढवीने सत्तावीस वर्षं जीन्स कापल्या आणि त्या सत्तावीस वर्षांत एकाही माणसाच्या कमरेभोवती टेप धरली नाही. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. पण उल्हासनगरात, कॅम्प पाचमधल्या एखाद्या जीन्सच्या कारखान्यात ज्याने पाय ठेवला असेल त्याला नवल वाटणार नाही. तिथे माणूस येतच नाही. येतात ती कापडाची थानं. लांबलचक टेबलावर ऐंशी-ऐंशी थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि कटिंगचं मशीन त्या रेघेवरून न्यायचं. एका फेरीत ऐंशी डावे पाय, दुसऱ्या फेरीत ऐंशी उजवे. हे पाय कोणाचे, असं तिथे कोणी विचारलं तर सगळे कामगार पोट धरून हसतील.

चंदू शेठच्या कारखान्यात हरिचंद्र कटिंग मास्तर होता. त्याचा बाप भातशेती करायचा. त्या खाचरांवर आता सात-सात मजले उभे आहेत, आणि जमिनीच्या नावाने गळे काढण्यात मास्तरला कधी रस नव्हता. बापाचा हात मात्र त्याला मिळाला होता. बांध घालावा तर सरळ आणि रेघ मारावी तर सरळ. चंदू शेठ एरवी कौतुकाच्या बाबतीत हात आखडता ठेवणारा माणूस, पण तोसुद्धा बाहेरगावच्या व्यापाऱ्याला सांगायचा, "मास्टर का हाथ देखो साईं, मशीन शरमा जाए." पुढे शेठने खरोखरच मशीन आणलं, कॉम्प्युटरवर आखून आपलं आपण कापणारं. ते काही शरमलं बिरमलं नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मास्तरला आठवड्यातले चार दिवसच काम उरलं.

उरलेल्या तीन दिवसांचं काय करायचं हे त्याला कळेना. पहिल्या महिन्यात त्याने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या महिन्यात बायकोचं, रंजनाचं कपाट उपसलं आणि तिच्या साड्या रुंदीप्रमाणे लावून ठेवल्या. लग्नात नेसायची साडी सापडेना तेव्हा रंजनाचा संयम संपला. तिने त्याच्या शाळेतल्या दोस्ताला, साईनाथला फोन लावला आणि सांगितलं की भाऊजी, या माणसाला कुठेतरी कामाला जुंपा, पगार नको, नुसतं घराबाहेर न्या.

साईनाथ अंबरनाथचा. एमआयडीसीत वेल्डर होता, तिथली नोकरी सुटल्यावर तो एका मंडळाच्या मदतीने, एका बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत दर बुधवारी आणि रविवारी कॅलिपर बनवत बसायचा. कॅलिपर म्हणजे अधू पायाला आधार देणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या, एक आतून, एक बाहेरून, खाली बुटात अडकवलेल्या आणि वर मांडीला चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. लोखंडाचं काम साईनाथला येत होतं, चामड्याचं येत नव्हतं. त्याला सरळ कापणारा हात हवा होता. हरिचंद्र म्हणाला, एवढंच ना, आण इकडे, आणि तासाभरात त्याने एकसारखे चाळीस पट्टे कापून ढीग लावला. साईनाथने तो ढीग पाहिला आणि कपाळावर हात मारला. त्यातला एकही पट्टा त्या दिवशी आलेल्या कोणाच्याही मांडीला बसणार नव्हता.

मग साईनाथने त्याच्या हातात टेप दिली आणि बाकावर बसलेल्या देऊकडे पाठवलं. देऊ वांगणीच्या पलीकडल्या डोंगरातल्या पाड्यावरचा म्हातारा, हिरडे काढताना झाडावरून पडून एक पाय गुडघ्यातून निकामी झालेला. हरिचंद्रने खाली बसून त्याच्या मांडीभोवती टेप धरली आणि दचकून हात मागे घेतला. मांडी गरम होती. आता माणसाची मांडी गरम असणारच, त्यात दचकायचं काय, पण सत्तावीस वर्षं ज्या पायांवरून त्याचा हात फिरला होता ते सगळे थंड आणि सपाट होते. त्याने पुन्हा टेप धरली. साडेचौदा इंच आली. वहीत लिहून खात्रीसाठी परत मोजली तर पावणेपंधरा. तिसऱ्यांदा मोजली तर तिसराच आकडा. मास्तरला घाम फुटला. त्याच्या आयुष्यात मापाने असा दगा कधी दिला नव्हता. देऊ वरून बघत होता, तो दात नसलेल्या तोंडाने हसून म्हणाला, "जित्या मानसाचा माप हाय मास्तर, हालनारच."

हे वाक्य हरिचंद्रच्या डोक्यात दिवसभर घुमत राहिलं. संध्याकाळी घरी आला तो टेप खिशात घेऊनच. रंजना भाकऱ्या थापत होती. त्याने तिला ओट्यापासून बाजूला केलं, भिंतीशी उभं केलं आणि खांद्यापासून जमिनीपर्यंत मोजायला लागला, आधी डावीकडून, मग उजवीकडून. तिला वाटलं हे डोक्यावर परिणाम झाल्याचं लक्षण आहे.

"तीस वरसा झाली लगनाला," ती म्हणाली, "न आता माजा माप घेताव?"

तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली होता आणि डावी कंबर उजवीपेक्षा वर. हरिचंद्रने तीनदा मोजलं, कारण त्याचा विश्वास बसेना. तीस वर्षं ही बाई डोळ्यांसमोर वावरत होती आणि त्याला ती दोन्ही बाजूंनी सारखीच वाटत होती. त्याने विचारलं हे कशाने झालं. रंजनाने हात नुसताच डाव्या कमरेवर ठेवला, हंडा धरल्यासारखा. आठव्या वर्षापासून लग्नापर्यंत रोज चार खेपा, विहीर ते घर. तिचं शरीर ते अजून विसरलं नव्हतं. हरिचंद्र तिच्याकडे बघतच राहिला. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा दोघं भानावर आली.

त्या दिवसापासून त्याचे डोळेच बदलले. रस्त्याने जाताना त्याला लोक वेगळे दिसू लागले. रिक्षावाल्याचा उजवा खांदा पुढे आलेला, शाळेच्या शिपायाची मान एका बाजूला, भाजीवालीचा एक पाय किंचित बाहेर वळलेला. दोन्ही बाजू सारख्या अशा कोणाच्याच नव्हत्या. कारखान्यात एक पाय दुसऱ्यापेक्षा पाव इंच कमी भरला तर तो माल बाद, आणि इथे सगळं गाव त्या हिशोबाने बाद होतं आणि तरी चालत होतं, ओझी उचलत होतं, वरातीत नाचत होतं. मास्तरला हे सांगायला कोणी सापडेना, कारण सांगितलं तर लोक म्हणत, मग? त्यात काय? ज्यांना त्यात काही वाटत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

चंदू शेठने एकदा त्याला विचारलं होतं, रविवार-बुधवार तिथे राबतोस, त्यात मिळतं काय तुला. शेठचा प्रश्न कुचकट नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. हरिचंद्रने बराच वेळ डोकं खाजवलं. मंडळाने एकदा शाल-नारळ दिला होता, पण त्या शालीवर रंजनाने पापड वाळत घातले, तेव्हा शालीचं नाव घेण्यात काही हशील नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "शेठ, वहाँ जाके आदमी दिखता है." शेठने मान डोलावली, आणि त्याला समजलं की नाही कोण जाणे, पण बुधवारच्या सुट्टीबद्दल त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी उन्नती आली.

बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची, बारावी झालेली, सोबत आई भिकी. सात वर्षांची असताना रस्त्याच्या कामावरच्या डंपरने डावा पाय चिरडला होता. पाय वाचला पण मांडीतलं बळ गेलं, आणि तो उजव्यापेक्षा तीन इंच आखूड राहिला. मांडीपर्यंत कॅलिपर आणि खाली उंच टाचेचा बूट, त्याच्या जोरावर ती चालायची. कॅलिपर साईनाथनेच केलेला होता आणि चांगला होता. तिचं काम दुसरंच निघालं. एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला तिला नोकरी लागली होती. टेबलाशी स्टुलावर बसून पाकिटं भरायची, आठ तासांची पाळी. पाड्यावरून कंपनीत कायमची लागलेली ती पहिलीच मुलगी होती. पण तिथे सरकते पट्टे आहेत, त्यामुळे ओढणी आणि घेरदार सलवार चालत नाही. सगळ्यांना निळी पँट. कंपनीने दिलेली पँट कॅलिपरवरून चढेना, मोठ्या मापाची घेतली तर ती पायात येई आणि पडायची भीती. सुपरवायझर बाई भली होती, तिने सोमवारपर्यंत थांबते म्हणून सांगितलं होतं. सोमवारी उन्नती युनिफॉर्मात हजर झाली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

भिकीने लेकीच्या कुडत्याची बाही चिमटीत धरली. ती म्हणाली, "तिच्या अंगावरचा कापड कुनी कदी मापून शिवला नाय मास्तर. समदा दुसऱ्यांचा उतरलेला."

हरिचंद्रने आयुष्यात एका माणसासाठी एक पँट कधी केली नव्हती. पण नाही म्हणायला तोंड उघडेना. मापं घेतली ती भिकीच्या हातून, टेप तिने धरायची आणि आकडा याने वहीत लिहायचा. उन्नती ताठ उभी होती. डावी मांडी अकरा, कॅलिपरसकट पंधरा. उजवी बावीस, कारण तो एक पाय सोळा वर्षं दोघांचं काम करत आला होता. डावी कंबर खाली, पाठीचा कणा त्या बाजूला किंचित झुकलेला आणि मान मात्र अगदी सरळ. एवढ्या सगळ्या वाकडेपणाच्या टोकाला ती मान इतकी सरळ कशी राहिली असेल, हे कोडं मास्तरला वही मिटल्यावरही सुटलं नाही.

पुढचे तीन दिवस त्याने झपाटल्यासारखं काम केलं. कंपनीच्या निळ्या रंगाचं कापड शोधत गजबजलेल्या बाजारात चौथ्या दुकानात तोच रंग मिळवला. पुठ्ठ्याचे दोन वेगळे फर्मे कापले, डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा, आणि कापड दुहेरी घडी घालायला सवयीने उचललेला हात दोनदा मागे घेतला. शनिवारी चंदू शेठ नुसतंच म्हणाला, टेबल रिकामं आहे मास्तर, आणि स्वतः बाहेर जाऊन बसला. डाव्या पायाला बाहेरून घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत चेन लावली, म्हणजे कॅलिपरवरून चढवता येईल. आतून अस्तर लावून डावी बाजू अशी भरली की बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही पाय सारखे वाटावेत. गुडघ्यापाशी लोखंड वर उठून दिसू नये म्हणून कापड तिथे नेटकं, चापून बसवलं.

रविवारी सकाळी उन्नती आतल्या खोलीत जाऊन पँट घालून आली. शाळेच्या त्या खोलीत एक जुना आरसा होता, त्याच्यासमोर उभी राहिली. दोन्ही पाय सारखे. लोखंडाचा मागमूस नाही. कमरेची उंचसखल बाजू कुठे गेली ते कळेना. साईनाथने शीळ घातली. भिकीने जवळ जाऊन कापडावर नुसती बोटं टेकवली आणि पदर तोंडाला लावला. देऊ बाकावरून म्हणाला की पोरगी कलेक्टरीन दिसते. हरिचंद्रला त्या क्षणी दोन माणसांएवढा झाल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटून घेण्याचा त्याला हक्क होता.

साईनाथने चहा मागवला. सगळे बसले. उन्नतीसाठी खुर्ची पुढे केली तर ती म्हणाली, नको काका, बरी आहे उभी. कप तिने उजव्या हातात घेतला आणि डावा भिंतीला टेकवला. बोलणी चालू राहिली. देऊने बाकावर सरकून जागा केली, बस पोरी म्हणाला. तिने हसून मान हलवली. चहा संपला, कप गोळा झाले, साईनाथने कंपनीच्या बसची चौकशी केली, आणि ती अजून उभीच होती. हरिचंद्र तिच्या पायाकडे बघत होता, पँट बघण्याच्या कौतुकाने. मग त्याची नजर भिंतीवरच्या हातावर गेली. अंगाचा सगळा भार तिने त्या हातावर घेतला होता.

त्याने विचारलं, बसत का नाहीस.

उन्नतीने आधी आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बसता येत नाही काका. गुडघ्याची कडी हाताला लागत नाही. पण मी उभ्याने करीन. तुम्ही एवढं केलंत."

कॅलिपरला गुडघ्यापाशी दोन कड्या असतात, आतल्या पट्टीवर एक, बाहेरच्या पट्टीवर एक. पाय सरळ झाला की त्या आपोआप खाली घसरून बसतात आणि गुडघा लोखंडासारखा ताठ राहतो, म्हणून माणूस उभा राहू शकतो. बसायचं असेल तर दोन्ही कड्या हाताने वर ओढाव्या लागतात. सलवारीवरून त्या चिमटीत सापडायच्या. मास्तरने तिथेच जाड कापड चापून बसवलं होतं, सुंदर दिसावं म्हणून. बाहेरची चेन उघडावी तरी आतली कडी लांबच राहायची.

हरिचंद्रने त्या गुडघ्याकडे पाहिलं. त्याचे कान तापले. उल्हासनगरच्या टेबलावर ज्याची हयात गेली अशा माणसाच्याच हातून होईल अशी ही चूक होती. त्याच्या लेखी पँट म्हणजे टेबलावर सपाट पसरलेली वस्तू, फार तर दुकानात टांगलेली. माणसाबरोबर पँटही खाली बसते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ज्या मुलीला आठ तास बसायचं काम मिळालं होतं तिचं त्याने उभ्याचं माप घेतलं होतं. आणि ती पोर, कोणाचं मन मोडू नये म्हणून, उद्यापासून रोज आठ तास त्या पायावर उभी राहायला तयार होती. तेवढी ती टिकली नसती, चार दिवसांत नोकरी गेली असती, आणि कोणालाही ती सांगणार नव्हती की मास्तरच्या पँटमुळे गेली.

त्याने तिला पँट बदलून सलवार घालून यायला सांगितलं. ती आल्यावर तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आता बस. मग ऊठ. मला बघू दे."

ती बसली आणि उठली. तो म्हणाला, परत. असं दहा-बारा वेळा झालं. आधी ती मागे हात नेऊन खुर्ची चाचपायची. मग सगळा भार उजव्या पायावर घ्यायची आणि डावी कंबर थोडी उचलायची, म्हणजे कड्यांवरचा दाब सुटे. मग डाव्या हाताने बाहेरची कडी ओढायची, ती एका बोटाने धरून ठेवायची, त्याच हाताचा अंगठा आतल्या कडीपर्यंत न्यायची. या सगळ्या वेळात एका पायावर तोल. मग गुडघा मोडायचा आणि खाली जाताना पडू नये म्हणून पाठ आधी मागे आणि मग पुढे. एका बसण्यात एवढ्या गोष्टी. आणि तोंडाने त्याच वेळी ती आईशी बोलू शकत होती, सोळा वर्षांच्या सवयीने.

हरिचंद्र आ वासून बघत होता. त्रेपन्न वर्षांत तो स्वतः किती वेळा बसला असेल आणि एकदाही त्याला कळलं नव्हतं की आपण काही केलं. देवळात जाऊनही त्याचे हात एवढ्या मनापासून कधी जुळले नसतील, पण तिथे, त्या पोरीसमोर, त्याला हात जोडावेसे वाटले. लाज वाटून त्याने ते टेपमध्ये गुंतवून ठेवले.

मग त्याने तिलाच विचारलं की तू काय केलं असतंस. ती म्हणाली, शाळेत असताना तिने कड्यांना केसांची रिबीन बांधली होती, वरून ओढली की दोन्ही एकदम उघडायच्या. पण पोरं मागून ती रिबीन ओढून तिला पाडायची, म्हणून सोडून दिली.

साईनाथ आणि हरिचंद्रने एकमेकांकडे पाहिलं. साईनाथ खाटेला विणतात तसली नवारीची पट्टी शोधायला उठला. मास्तरने पँट टेबलावर घेतली, पण या वेळी सपाट पसरली नाही, खुर्चीवर ठेवली, पाय खाली सोडून, बसलेल्या माणसासारखी. रंजनाला फोन केला, सुईदोरा आणि बारीक कात्री घेऊन ये. ती रिक्षाने आली ती कसली चौकशी न करता शिवण उसवायलाच बसली. गुडघ्यापाशी आतून चुण्या घातल्या, पाय मोडला की उघडतील अशा. कमरेचा पट्टा मागून दीड इंच वर चढवला, कारण बसल्यावर तिथलं कापड खाली ओढलं जातं हे आता मास्तरला दिसलं होतं. आणि डाव्या खिशाचा तळ त्याने कात्रीने कापून टाकला. कड्यांना बांधलेली नवारीची पट्टी मांडीवरून आतल्या आत वर आणून त्या खिशात सोडली. कारखान्यात असा खिसा सापडला असता तर त्याने ज्याने तो केला त्याला उभं जाळलं असतं. इथे त्या उघड्या तळाची कड रंजनाने हाताने दुमडून बारीक टाके घातले, पट्टी कापडावर घासून सूत सुटू नये म्हणून.

पाच वाजायला आले तेव्हा उन्नती पुन्हा आतून बाहेर आली. आरशाकडे कोणी पाहिलं नाही. मध्ये खुर्ची ठेवलेली होती. ती खुर्चीला पाठ करून उभी राहिली, खिशात हात घातला, आत कुठेतरी खट् असा बारीक आवाज झाला आणि ती बसली. नुसती बसली, वाकून चाचपणं नाही की एका पायावर झोकांडणं नाही. मग उठली. पाय सरळ झाला, कड्या आपोआप पडल्या. मग परत बसली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा तिला हसू फुटलं, आणि मग ती बसत-उठतच राहिली. थांबायला कोणी सांगेना. भिकी बघता बघता खाली जमिनीवर बसली आणि रडायला लागली. रंजनाने सुई पदराला खोचली आणि तिच्या शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. हरिचंद्रने मागे हात नेऊन बाक चाचपला आणि तो बसला, आणि बसताना पहिल्यांदाच त्याला कळलं की आपण बसतो आहोत.

सोमवारी ती कामावर रुजू झाल्याचा साईनाथचा फोन आला. तेवढ्याने मास्तरचं समाधान व्हायला हवं होतं. पण मंगळवार त्याने कसाबसा काढला. उभी तर राहत नसेल? नवारीची पट्टी अडकली तर? नव्या जागी, नव्या लोकांत, लाजून खिशात हातच घातला नाही तर? ती सांगणार नाही हे त्याला आता पक्कं माहीत होतं. बुधवारी बाराच्या सुमाराला तो अंबरनाथला शाळेकडे निघाला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, आधी जरा एमआयडीसीतून घे.

कंपनीसमोर तो उतरला तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली होती. फाटकाशेजारी गुलमोहराखाली लांब सिमेंटचा कट्टा आहे, तिथे पॅकिंगच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. दहा-अकरा जणी असतील, सगळ्या निळ्या पँटमध्ये, डोक्याला जाळीच्या टोप्या, त्यामुळे चेहरे लांबून ओळखू येईनात. हरिचंद्र रस्त्याच्या अलीकडे थांबला आणि उभी कोण आहे ते शोधू लागला. भिंतीला हात टेकवून, बाजूला, डबा हातात धरून उभी असलेली एक. त्याने कट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. फाटकाजवळ पाहिलं, झाडाच्या मागे पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

उभं कोणीच नव्हतं.

हरिचंद्र मढवीच्या डोळ्यांना धारा लागल्या. आपण कापलेला कपडा तो बाजारात पन्नास पावलांवरून ओळखायचा, त्या बाबतीत त्याची ख्याती होती. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि एकेक पँट बघत ओळीवरून परत नजर नेली. कट्ट्यावरून खाली सोडलेले सगळे पाय सारखेच दिसत होते, आणि त्यातले उन्नतीचे कोणते ते त्याला काही केल्या ओळखता आलं नाही.